ज्याला खेळू दिलं नाही, त्यानं खेळ पळवला

एखाद्या माणसानं एक नवा खेळ शोधून काढला, त्याचे नियम स्वतः लिहिले आणि पुढे एका कॉलेजात त्याच खेळाचा कोच म्हणून रुजू झाला, तर तो जिंकेल की हरेल? पैज लावायची म्हटली तर आपण सगळे जिंकण्यावर लावू. आणि पैज हरू. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ १८९८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात गेला आणि १९०७ पर्यंत त्यानं तिथल्या संघाला शिकवलं. जिंकलेले सामने ५५, हरलेले ६०. कॅन्ससचा संघ आज अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या अगदी मातब्बर संघांत मोजला जातो. त्याच्या सगळ्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कोच एकच. ज्यानं खेळ काढला तो!

नेस्मिथला याचं फारसं वाईट वाटलं असेल असं दिसत नाही, कारण या खेळाला कोच लागतो हेच त्याला पटत नव्हतं. बास्केटबॉल खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं तो आपल्या एका विद्यार्थ्याला म्हणाला होता म्हणे. आणि गंमत बघा, कोच नकोच म्हणणाऱ्या या माणसाच्या हाताखालून जे निघाले त्यांनी पुढे कोच या पेशाचीच पायाभरणी केली. त्यातल्या ज्याच्याबद्दल आज सांगायचंय, त्याला तर त्या विद्यापीठानं कॉलेजच्या संघात पाऊलही टाकू दिलं नव्हतं. त्याचं नाव जॉन मॅकलेंडन.

पण त्याच्याकडे यायचं तर आधी १८९१ च्या डिसेंबरात जायला हवं. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा. बाहेर बर्फ, आत बंद हॉल, आणि कवायतीला कंटाळलेली १८ दांडगट पोरं. वरिष्ठांनी नेस्मिथला हुकूम केला, हॉलमध्ये खेळता येईल असा एक खेळ दोन आठवड्यांत काढून दाखव. त्यानं आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. पोरांनी एकमेकांची हाडं सैल केली.

मग तो विचार करत बसला, आणि त्याच्या विचाराची साखळी इतकी सुंदर आहे की ती जशीच्या तशी सांगतो. मारामारी कधी होते? कुणी चेंडू घेऊन पळतो आणि बाकीचे त्याला आडवे पाडतात तेव्हा. मग चेंडू घेऊन पळायलाच बंदी केली तर? पाडायचं कारणच संपलं. आता गोल. गोल जमिनीवर असला की चेंडू जोरात हाणला जातो, समोरच्याला लागतो. मग गोल डोक्याच्या वर टांगला तर? जोर कुचकामी ठरतो. चेंडू अलगद, कमान काढत टाकावा लागतो. लहानपणी कॅनडात दगडावरच्या दगडाला नेम धरून पाडायचा एक खेळ तो खेळायचा, त्यात अलगद फेकणाराच जिंके. ती आठवण इथे कामी आली.

त्यानं शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या हॉलच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून नेमका १० फुटांवर होता. आज जगभरातल्या प्रत्येक मोठ्या सामन्यात कडी १० फुटांवरच असते. ऑलिंपिकची कडी किती उंच असावी हे ठरवलं कुणी? त्या इमारतीच्या गवंड्यानं! पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ चा. एका बाजूला ९ जण, चेंडू फुटबॉलचा, आणि अंतिम गुणसंख्या १-०. सगळ्या सामन्यात एकच टोपली. चेंडू काढायला शिडी लागायची, कारण टोपलीचा तळ कापायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

इथून खेळ वायएमसीएच्या पाठीवर बसून जगभर गेला. आपल्याकडेही तो याच वाटेनं आला. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. मुंबईत या खेळानं घर केलं ते नागपाड्यात, गिरणगावाच्या शेजारच्या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत. तिथल्या अब्बास मुंतसिरला १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता कॅन्ससला परत. नेस्मिथच्या संघात फॉग ॲलन नावाचा मुलगा खेळायचा. नेस्मिथनंतर कोचपद त्याच्याकडे आलं आणि त्यानं नेस्मिथचं म्हणणं पार खोटं ठरवलं. कॅन्ससला त्यानं ५९० सामने जिंकून दिले. ॲलनकडे अडॉल्फ रप शिकला, त्यानं केंटकीला ८७६ सामने जिंकले. ॲलनकडेच डीन स्मिथ शिकला, त्यानं नॉर्थ कॅरोलायनाला ८७९ जिंकले. आणि स्मिथच्या हाताखाली कॉलेजात खेळला मायकेल जॉर्डन! नेस्मिथ, ॲलन, स्मिथ, जॉर्डन. पीचच्या टोपलीपासून जॉर्डनपर्यंत गुरुशिष्यांची साखळी फक्त चार कड्यांची. आपल्याकडे एखाद्या घराण्याचं गाणं आजोबांकडून नातवाकडे यावं इतकीच ती लांब आहे.

ही झाली परंपरेची थोरली पाती. रेकॉर्ड बुकात ती ठळक अक्षरांत आहे. धाकटी पाती मात्र बरीच वर्षं कुणी उलगडूनच पाहिली नाही.

१९३३ साली कॅन्सस विद्यापीठात १८ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा दाखल झाला. शारीरिक शिक्षण हा विषय घेणारा तो तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. बास्केटबॉलचा कोच व्हायचं त्यानं आधीच ठरवलं होतं. वडिलांनी निघताना बजावलं होतं, ज्यानं हा खेळ शोधला तो तिथेच शिकवतो, थेट त्यालाच जाऊन भेट. पोरगा गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक असं सांगून मोकळा झाला. नेस्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्यानं या मुलाला जवळ केलं.

पण कॉलेजच्या संघात? छे. कॅन्ससच्या बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५१ साली. म्हणजे खेळाच्या जनकाचा लाडका विद्यार्थी त्याच जनकाच्या विद्यापीठात संघाबाहेर राहिला. चेंडू हातात नसला की माणूस काय करतो? तो चेंडूकडे बघणं सोडतो आणि मोकळ्या जागेकडे बघायला लागतो. मॅकलेंडनचं पुढचं सगळं काम मोकळ्या जागेबद्दल आहे. ही सांगड मी घालतोय, तो कधी तसं म्हणाला होता असा माझा दावा नाही. पण त्याचे डावपेच वाचताना हे मनातून जात नाही.

विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावाची गोष्ट तर आमच्या वैनगंगेकाठच्या कारध्यात, भंडाऱ्यात, विदर्भात कुठेही सांगा, ऐकणारा पुढचं वाक्य स्वतःच बोलेल. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहायला येणं सक्तीचं होतं. कृष्णवर्णीय मुलानं तलावात उतरू नये म्हणून त्याला न पोहताच पास करून टाकायची तयारी होती. मॅकलेंडन म्हणाला, मी पोहणार. आणि पोहला. पुढच्या वेळी गेला तर तलाव कोरडा! त्याच्या अंगाला लागलेलं पाणी सोडून दिलेलं.

आठवलं ना? २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी पाणी प्यायलं, आणि नंतर गावातल्या सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते 'शुद्ध' केलं. दोन खंड, दोन भाषा, मधे सात समुद्र. कॅन्ससच्या व्यवस्थापकांना महाड ठाऊक असणं शक्य नाही. तरी डोकं तेच चाललं. तिथे पंचगव्य नव्हतं म्हणून तलाव उपसला, एवढाच फरक.

मॅकलेंडननं पुढे काय केलं ते बघा, इथे कोच दिसतो. त्यानं एक अट घातली. तलाव दोन आठवडे सगळ्यांना खुला ठेवा. या काळात भांडणतंटा झाला नाही तर तो कायमचा खुला. व्यवस्थापनानं मान्य केलं. मग तो सगळ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडे गेला आणि म्हणाला, हे दोन आठवडे कुणीही तलावाकडे फिरकू नका! दोन आठवडे शांततेत गेले. तंटा कुणाशी होणार? मुदत संपली, तलाव खुला झाला. समोरचा संघ कुठे उभा आहे ते बघायचं आणि जिथे तो नाही तिथून जायचं. बाकी आयुष्यभर त्यानं कोर्टावर हेच केलं.

इकडे महाडच्या तळ्याच्या पाण्यावरून चाललेला खटला मुंबई हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूनं निकाली निघाला तो मार्च १९३७ मध्ये. आणि हो, त्याच बाबासाहेबांना आमच्या भंडाऱ्यानं १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत पाडलं, हेही इथे लिहून ठेवतो. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान आपण फारसं उघडत नाही.

मधेच एक छोटा योगायोग. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आला. नेस्मिथ ते बघायला गेला होता. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टावर, भर पावसात झाला. चेंडू टप्पाच खाईना, अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. त्याच दिवसांत, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार करून दाखवत होती. एका गावात बास्केटबॉलचा बाप आणि आपले वऱ्हाडी पैलवान! ते एकमेकांना भेटले की नाही हा प्रश्न मी मुद्दामच कल्पनेवर सोडतो.

त्या वर्षी मॅकलेंडन पदवीधर झाला, पुढच्या वर्षी आयोवातून एम.ए. करून नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला गेला. कृष्णवर्णीयांसाठीचं कॉलेज, गरीब. १९४० मध्ये तो तिथला मुख्य कोच झाला. वय वर्षं २५.

आता त्यानं केलं काय, हे समजून घ्यायचं तर एक विचित्र नियम माहीत हवा. १९३७ पर्यंत प्रत्येक टोपलीनंतर चेंडू कोर्टाच्या मध्यभागी आणला जाई, दोन खेळाडू समोरासमोर उभे राहत, पंच चेंडू वर उडवी आणि मग खेळ पुन्हा सुरू होई. प्रत्येक टोपलीनंतर! कबड्डीत प्रत्येक गुणानंतर नव्यानं टॉस करावा, तसं. त्यामुळे खेळ थांबत थांबत चाले. उंच खेळाडू असला की चेंडू नेहमी आपलाच. मोठे कोच त्यात रमले. चेंडू आला की सावकाश पुढे जायचं, सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं, ठरलेले पास द्यायचे. बुद्धिबळासारखं. १९३७-३८ च्या हंगामापासून तो नियम गेला. टोपली पडली की समोरच्या संघानं कडीखालून चेंडू उचलायचा आणि लगेच सुरू करायचं. नियम गेला, पण सवय गेली नाही. बहुतेक संघ तरीही सावकाशच चालत राहिले.

मॅकलेंडननं त्या मोकळ्या झालेल्या वेळेकडे पाहिलं. नेस्मिथचं एक म्हणणं तो पुढे नेहमी सांगे: चेंडू जिथे तुमच्या हाती येतो तिथूनच चढाई सुरू होते, आणि जिथे हातून जातो तिथूनच बचाव. अर्धं कोर्ट नव्हे, सगळं कोर्ट.

यात एवढं काय, असं वाटेल. जरा हिशेब करू. कोर्ट साधारण २८ मीटर लांब. समोरच्या संघानं नेम धरला, चेंडू कडीला लागून बाहेर आला, तुमच्या खेळाडूनं तो हवेत झेलला. या क्षणी समोरचे पाचही जण तुमच्या कडीजवळ गर्दी करून आहेत, म्हणजे त्यांचं स्वतःचं घर उघडं पडलंय. ते परत जाऊन उभे राहीपर्यंत तीन-चार सेकंद जातात. कारध्याच्या लोकांना हे लगेच कळेल. वैनगंगा चढू लागली, धोक्याची खूण जवळ आली, की लहान पुलावर बॅरिकेड लागतं. त्याआधी जो निघाला तो पलीकडे. दोन मिनिटं उशीर झाला की काठावर उभं राहून पाणी बघत बसायचं. मॅकलेंडनचा सगळा डाव बॅरिकेड लागायच्या आत पूल ओलांडण्याचा होता. यालाच फास्ट ब्रेक म्हणतात.

पण नुसतं पळून भागत नाही. पाचही जण चेंडूमागे पळाले तर गर्दीच गर्दी. म्हणून चेंडू झेलणाऱ्यानं पाय जमिनीला टेकायच्या आत कडेच्या खेळाडूकडे तो द्यायचा, कारण पास धावणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी वेगानं जातो. चेंडू मग मधल्या पट्ट्यात, आणि दोन्ही कडांनी एकेक जण सरळ रेषेत सुटलेला. तीन पट्टे, तीन माणसं. समोर परत पोचलेले बचाव करणारे जेमतेम दोन. तिघांना दोघं अडवू शकत नाहीत. मधल्याला अडवलं तर कडेचा मोकळा, कडेच्याला अडवलं तर मधला. आणि मागून येणारा चौथा? तो मुद्दाम अर्धा सेकंद मागे असतो. सगळे पहिल्या तिघांकडे बघत असताना तो रिकाम्या जागेत येतो.

तेव्हाच्या अनेक गोऱ्या कोचांना हा खेळ बेशिस्त वाटे. धावपळ, दुसरं काय! खरं तर बेशिस्तीनं हे जमतच नाही. पाच माणसांनी पूर्ण वेगात असताना एकमेकांपासून नेमकं अंतर राखायचं, तेही ४० मिनिटं. म्हणून मॅकलेंडनची पोरं चेंडू हातात घ्यायच्या आधी मैलोगणती पळत. आणि चेंडू हातून गेला की परत फिरायचं नाही, तिथेच समोरच्याच्या अंगावर जायचं. पूर्ण कोर्टभर दाब. समोरच्याला श्वास घ्यायला जागाच नाही.

हे सगळं किती पुढचं होतं, याचा पुरावा एका सामन्यातून मिळतो. तो सामना अधिकृतपणे कधी झालाच नाही.

मार्च १९४४. डरहॅममध्ये एकाच गावात दोन कॉलेजं. मॅकलेंडनचं गरीब कृष्णवर्णीय कॉलेज आणि गोऱ्यांचं श्रीमंत ड्यूक विद्यापीठ. युद्धामुळे ड्यूकच्या मेडिकल कॉलेजात देशभरातून आलेले पट्टीचे खेळाडू गोळा झाले होते. त्यांचा संघ भागात कुणाला ऐकत नव्हता. मॅकलेंडनच्या संघानं त्या हंगामात २० पैकी १९ सामने जिंकले होते, पण राष्ट्रीय स्पर्धांची दारं त्याला बंद. दोन्हीकडची काही मुलं वायएमसीएच्या प्रार्थनासभेत गुपचूप भेटत. कुणाचा संघ भारी, यावर तिथे पैजेची गोष्ट निघाली.

त्या गावात गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकत्र खेळणं म्हणजे काय होतं? चारच महिन्यांनी, जुलैत, त्याच डरहॅममध्ये बसमध्ये मागे सरकायला उशीर केला म्हणून एका कृष्णवर्णीय सैनिकाला बस ड्रायव्हरनं गोळ्या घातल्या, आणि कोर्टात ड्रायव्हर निर्दोष सुटला. अशा गावात हा सामना ठरला.

वेळ निवडली रविवार, १२ मार्च, सकाळची. सगळं गाव, पोलिसांसकट, चर्चमध्ये असणार. ड्यूकची मुलं वाकड्यातिकड्या रस्त्यांनी गाड्या फिरवत आली, जाकिटं डोक्यावर घेऊन आत शिरली. आत आल्यावर दाराला कुलूप. घड्याळ होतं, पंच होता, प्रेक्षक नव्हते. दोन-चार विद्यार्थी खिडकीला लोंबकळून बघत होते तेवढेच.

सुरुवातीला दोन्हीकडच्यांचे हात कापत होते. साधे पास सुटत होते. आयुष्यात कधी अशा खेळाडूसमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. मग मॅकलेंडनच्या पोरांचे पाय सुटले. अंतिम गुणसंख्या ८८-४४.

या आकड्यापाशी थांबा. त्याच महिन्यात कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. यूटानं डार्टमथला जादा वेळेत ४२-४० असं हरवलं. देशातल्या दोन सर्वोत्तम म्हणवणाऱ्या संघांनी मिळून, जादा वेळ धरून, केले ८२. मॅकलेंडनच्या एकट्या संघानं केले ८८!

नंतर जे झालं ते मला गुणसंख्येपेक्षाही नवलाचं वाटतं. थोडी विश्रांती झाल्यावर दोन्ही संघांनी खेळाडू वाटून घेतले, मिसळून दोन नवे संघ केले आणि पुन्हा खेळले. एक संघ बनियनवर, एक उघडा. मग सगळे होस्टेलवर जाऊन गप्पा मारत बसले. एका स्थानिक पत्रकाराला कुणकुण लागली होती, त्यानं एक ओळ छापली नाही. अर्धं शतक कुणी बोललं नाही. स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारानं ही हकिगत जगापुढे आणली १९९६ मध्ये, ५२ वर्षांनी. एवढ्या माणसांनी एवढी वर्षं गुपित राखलं, यातच त्या गावातल्या भीतीचं माप आहे.

१९५४ साल आलं. मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. व्यावसायिक बास्केटबॉलला तोवर संथपणाचा रोग जडला होता. १९५० मध्ये एक सामना १९-१८ असा संपला होता, कारण एका संघानं चेंडू नुसता धरून ठेवला. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा नेम धरतात. २,८८० भागिले १२०, उत्तर २४. म्हणून २४ सेकंदांत नेम धरा नाहीतर चेंडू सोडा! आजही तोच आकडा आहे. कॉलेजांना मात्र घड्याळ लावायला १९८५ उजाडलं. मॅकलेंडनची पोरं घड्याळाशिवाय, आपणहून धावत होती, हे विसरू नका.

त्याच १९५४ साली मॅकलेंडन नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटला गेला. एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेनं कृष्णवर्णीय कॉलेजांना दार उघडलं होतं. कॅन्सस सिटीला खेळायला यायचं तर आमचा संघ इतरांच्याच हॉटेलात राहील आणि तिथेच जेवेल, ही त्याची अट. ती मान्य झाली. १९५७ मध्ये टेनेसी स्टेटनं विजेतेपद मिळवलं. सगळ्यांसाठी खुली असलेली राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारं ते पहिलं कृष्णवर्णीय कॉलेज. १९५८ मध्ये पुन्हा. १९५९ मध्ये पुन्हा. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्याआधी कुठल्याच कॉलेज कोचला मिळाली नव्हती, ना काळ्या ना गोऱ्या.

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मात्र त्याचं फारसं जमलं नाही, आणि ते झाकायचं कारण नाही. क्लीव्हलंड पायपर्स या संघाला त्यानं १९६१ मध्ये हौशी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्याच वर्षी संघ नव्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि मॅकलेंडन व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच ठरला. मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर, जे पुढे न्यूयॉर्क यांकीजचे मालक म्हणून गाजले. खेळाडूंच्या पगारावरून दोघांचं वाजलं आणि मॅकलेंडननं हंगाम अर्ध्यावर असताना राजीनामा दिला. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्सनं बोलावलं. २८ सामने, त्यात ९ विजय, आणि नारळ. त्याच्या जागी आलेल्या कोचनं उरलेल्या ५६ पैकी ४२ जिंकले. कॉलेजच्या पोरांना मैलोगणती पळवता येतं. पगारी खेळाडूंना तसं पळवता येत नाही, आणि वर मालकही असतो.

मधल्या काळात, १९६६ मध्ये, तो क्लीव्हलंड स्टेटचा कोच झाला. बहुसंख्य गोरे विद्यार्थी असलेल्या विद्यापीठानं कृष्णवर्णीय मुख्य कोच नेमण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी अडॉल्फ रपचा गोरा केंटकी संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नच्या कृष्णवर्णीय खेळाडूंकडून ७२-६५ असा हरला. नेस्मिथच्या परंपरेची थोरली पाती आणि धाकटी पाती तेव्हा कुठे होत्या, ते या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की कळतं.

स्प्रिंगफील्डला नेस्मिथच्या नावानं बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. १९७९ मध्ये त्यांनी मॅकलेंडनला आत घेतलं, पण 'योगदान देणारा' या रकान्यात. पाचशेवर सामने जिंकलेला, सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस कोच म्हणून बसवायला त्यांना जागा सापडली नाही. १९९९ मध्ये तो वारला. २०१६ मध्ये, मरणानंतर १७ वर्षांनी, त्याला कोच म्हणून पुन्हा घेतलं. उशीर हा शब्दही इथे सौम्य आहे.

जिल्हा क्रीडा संकुलात शालेय स्पर्धा लागल्या की एकदा जाऊन बसा. नेम चुकला की सगळे चेंडूकडे बघतील. तुम्ही बघू नका. कडेनं सुटलेल्या त्या दोन पोरांकडे बघा, ज्यांच्या हातात अजून काहीच नाही.